पत्तेवही कोणाची?

कार्यालयातील एखादा मुरलेला कर्मचारी निवृत्त होतो, तेव्हा त्याला शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ देण्यात येतो आणि त्याच्याकडून कपाटाच्या किल्ल्या, ओळखपत्र व संगणक परत घेण्यात येतो. या देवघेवीत एक वस्तू कोणाच्याच हिशेबात धरली जात नाही. ती म्हणजे त्याची पत्तेवही. यंत्राचा दुर्मीळ सुटा भाग कोणाकडे हमखास मिळतो, बंदरात अडलेला माल सोडविण्यासाठी कोणाला भेटावे, पैसे थकले तरी पुरवठा न थांबवणारा व्यापारी कोण, मोठ्या ग्राहकाच्या लेखा विभागात कोणाला पत्र लिहिले असता देयक लवकर मंजूर होते, हे सारे त्या वहीत असते. पुढच्या सोमवारी नवा तरुण त्या खुर्चीवर बसतो आणि दुपारच्या आतच त्याच्या ध्यानात येते, की कार्यालयाने वीस-पंचवीस वर्षांत जोडलेल्या ओळखी एका माणसाबरोबर त्याच्या घरी गेल्या आहेत. मग तो निवृत्त गृहस्थांना फोन करतो. ते सज्जन असतील तर सांगतात. त्यांची वेतनवाढ एके काळी अडवली गेली असेल, तर त्यांना आठवत नाही.

कारभाराचे कागद कारभाऱ्याबरोबर जाण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. नाना फडणीसांच्या संग्रहातील कागदपत्रे वाईजवळच्या मेणवलीस त्यांच्या वाड्यात राहिली व इतिहाससंशोधकांना ती ‘मेणवली दप्तर’ या नावाने परिचित झाली. संशोधकांच्या दृष्टीने ही सोयच झाली, हा भाग वेगळा. चालू कार्यालयाला मात्र दप्तर दोन पिढ्यांनी सापडून उपयोग नसतो. ते आज दुपारी, ग्राहक फोनवर खोळंबला असताना सापडावे लागते.

वही कागदाची होती तोवर या उणिवेला निमित्त तरी होते. एक वही एकाच मेजावर राहू शकते, हे उघड आहे. आता निम्म्याअधिक कार्यालयांचा पत्रव्यवहार ई-मेलवर चालतो, प्रत्येकाची पत्तेवही त्याच ई-मेलच्या पोटात असते, आणि ती शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याला उघडून दाखविण्याची सोयही त्याच संगणकात गेली पंचवीसहून अधिक वर्षे पडून आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘एक्स्चेंज’ हा ई-मेल सर्व्हर १९९६ मध्ये आणि त्याच्या जोडीचे ‘आउटलुक’ १९९७ च्या आरंभी बाजारात आले, आणि सर्वांनी मिळून वापरावयाचे सार्वजनिक फोल्डर ही त्या व्यवस्थेची एक मुख्य जाहिरातच होती. त्याही आधी, १९८८ मध्ये, तार व दूरध्वनीविषयक आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीने साऱ्या जगाला पुरेल अशा संगणकीय निर्देशिकेचे ‘एक्स-५००’ नावाचे मानक सिद्ध केले होते. ती जागतिक पत्तेवही कागदावरच राहिली. पण तिच्यापर्यंत पोचण्याचा सुटसुटीत मार्ग म्हणून मिशिगन विद्यापीठात तयार झालेली ‘एलडॅप’ ही पद्धत १९९३ पासून रुळली, आणि मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्याचे नाव टंकताच त्याचा पत्ता आपोआप पुढे येतो, त्यामागे बहुधा तिचीच परंपरा असते.

येथे दोन वह्यांची गल्लत नेहमी होते. पहिली वही संस्थेची असते. तिच्यात संस्थेचेच नोकर असतात, ती संगणक विभाग राखतो आणि माणूस नोकरीत आला की त्याचे नाव तिच्यात चढते, गेला की उतरते. या वहीची फारशी काळजी करण्याचे कारण नाही. दुसरी वही ज्याची त्याची असते, आणि संस्थेचा खरा व्यवहार ज्यांच्याशी चालतो ती बाहेरची माणसे, म्हणजे ग्राहक, पुरवठादार, वाहतूकदार, वकील, बँकेतील अधिकारी, सारी या दुसऱ्या वहीत असतात. अर्थात, ज्यांना सहज शोधता येते त्यांची यादी सर्वांना खुली आणि ज्यांना शोधणे कठीण त्यांची यादी प्रत्येकाच्या खणात बंद, अशी ही उफराटी मांडणी आहे. १८७८ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे निघालेल्या पहिल्या दूरध्वनी निर्देशिकेचा येथे सहज आठव होतो. तो एकच छापील कागद होता, त्यावर जेमतेम ५० नोंदी होत्या आणि क्रमांक तर नव्हतेच. नाव सांगितले की एक्स्चेंजमधील माणूस तार जोडून देई. पण ती यादी पहिल्या दिवसापासून सर्वांच्या हाती होती.

दुसरी वही खुली करण्याची रीत सोपी आहे. संपर्कांचा फोल्डर निवडावयाचा, सहकाऱ्याचे नाव द्यावयाचे आणि त्याला किती मुभा ते ठरवावयाचे. या मुभेच्या पायऱ्या आहेत. कोणी केवळ वाचू शकतो. कोणी नवी नोंद करून स्वतःची नोंद दुरुस्त करू शकतो. कोणी इतरांच्या नोंदीही बदलू किंवा पुसू शकतो. सर्वांत वरच्या पायरीवरचा माणूस आणखी कोणाला आत घ्यावयाचे हेही ठरवितो. या पायऱ्या ज्याने योजल्या त्याला कार्यालयीन स्वभावाची चांगली पारख असली पाहिजे. कारण आठ जणांना दुरुस्तीचा अधिकार दिला, की त्याच ग्राहकाच्या तीन निरनिराळ्या स्पेलिंगांच्या चार नोंदी होतात, आणि कोणाच्या तरी हातून चालू क्रमांक पुसला जाऊन बंद पडलेला तेवढा शिल्लक राहतो. कोणालाच अधिकार दिला नाही, तर वर्षभरात ती यादी जुन्या पंचांगासारखी होते.

तथापि खरा दोष याहून खोल आहे आणि बहुतेकांच्या तो उशिरा लक्षात येतो. एका माणसाने आपला फोल्डर इतरांना उघडून दिला, तरी तो राहतो त्याच्याच टपालपेटीत. इतरांना मिळते ती केवळ खिडकी. तो माणूस नोकरी सोडून गेला, संगणक विभागाने शिस्तीप्रमाणे त्याचे खाते बंद केले, की सर्वांच्या खिडक्या एकाच वेळी मिटतात. मायक्रोसॉफ्टच्या मेघसेवेत काढून टाकलेल्या खात्याची टपालपेटी साधारणतः ३० दिवस परत मिळवता येते. गुगलच्या कार्यालयीन सेवेत हाच अवधी २० दिवसांचा आहे. वार्षिक गणनेच्या किंवा दिवाळीच्या धामधुमीत महिना निघून जातो, आणि सामायिक म्हणून मिरविलेली पत्तेवही नाहीशी होते. म्हणजे कागदी वही निदान निवृत्ताच्या घरी तरी होती. ही कोठेच राहत नाही. यावर उपाय अवघड नाही. अशी यादी माणसाच्या नव्हे, तर कामाच्या नावाने उघडलेल्या सामायिक टपालपेटीत किंवा सार्वजनिक फोल्डरात ठेवावी. ‘खरेदी’, ‘विक्री’, ‘निर्यात’ ही खाती बदलीवर जात नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत तर अशा सामायिक पेटीला ५० गिगाबाइटपर्यंत वेगळा परवानाही लागत नाही, त्यामुळे खर्चाची सबब पुढे करता येत नाही. तरीही कार्यालयांमागून कार्यालये हा फोल्डर एखाद्या उत्साही मदतनिसाच्या नावावर उघडतात, कारण तो त्या दिवशी मोकळा होता.

दुसरी अडचण मोबाइलची. संगणकावर दिसणारा सहकाऱ्याचा फोल्डर खिशातील फोनच्या नेहमीच्या संपर्कयादीत आपोआप उतरत नाही. तेथे सामान्यतः स्वतःच्या पेटीतील नोंदीच दिसतात. विक्री प्रतिनिधी दिवसभर मोटारसायकलवर असतो, त्याला संगणकातील यादीचा काय लाभ? तो शहाणा असतो. तो सामायिक फोल्डरातील पाचपन्नास नावे उचलून आपल्या यादीत नकलून घेतो. त्या क्षणापासून मूळ नोंद आणि नक्कल यांचा संबंध तुटतो. ग्राहकाने पत्ता बदलला, मूळ नोंद कोणी नीट सुधारली, तरी प्रतिनिधीच्या फोनमध्ये जुनाच पत्ता राहतो आणि नमुन्यांचे खोके दोन वर्षे रिकाम्या गाळ्यावर जात राहते.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. प्रत्येक नोंदीखाली टिपा लिहिण्यास मोकळी जागा असते, आणि अनुभवी माणूस तेथेच आपले खरे ज्ञान नोंदवितो. साहेब दुपारनंतर चिडतात. भावाशी वाटणीचा दावा चालू आहे, तो विषय काढू नये. मुलाच्या प्रवेशासाठी पत्र दिले होते. अशा टिपा स्वतःपुरत्या असतात तोवर त्यांना व्यवहारचातुर्य म्हणता येते. त्याच बारा जणांना वाचावयास मिळाल्या, की त्यांना दुसरे नाव द्यावे लागते. आउटलुकमध्ये एखादी नोंद ‘खासगी’ म्हणून खूण करण्याची सोय आहे व पुष्कळ जण तिच्यावर विसंबतात. परंतु या खुणेवर विसंबू नये, असे मायक्रोसॉफ्टच आपल्या मार्गदर्शनात बजावते. जे इतरांनी वाचू नये ते ज्या फोल्डरात आहे, तो फोल्डर वाचण्याची परवानगीच देऊ नये, असे त्याचे सांगणे आहे. ती खूण म्हणजे दाराची कडी नव्हे, दारावरचा पडदा आहे.

आता मूळ प्रश्न. वही कोणाची? याचे लख्ख उत्तर लंडनच्या उच्च न्यायालयात २००७ साली ‘पेनवेल पब्लिशिंग’ या प्रकाशनसंस्थेच्या दाव्यात मिळाले, आणि वृत्तपत्राशी संबंध असलेल्या प्रत्येकाने ते वाचण्यासारखे आहे. या संस्थेचे काही कर्मचारी नोकरी सोडून त्याच क्षेत्रात स्पर्धक व्यवसाय काढण्यास निघाले. त्यांतील एक जण पत्रकार होता. पत्रकाराचे भांडवल म्हणजे त्याची माणसे. या गृहस्थांनी संस्थेत येण्यापूर्वीच्या कारकिर्दीतील संपर्क बरोबर आणले होते, ते कार्यालयाच्या आउटलुकमध्ये घातले होते आणि त्यांत वर्षानुवर्षे भर घातली होती. जाताना त्यांनी ती यादी बरोबर नेली. न्यायालयाने निर्णय दिला, की मालकाच्या ई-मेल व्यवस्थेचा भाग असलेल्या आणि मालकाकडून जिच्या प्रती राखल्या जातात अशा प्रणालीवरील पत्त्यांची यादी मालकाची होय. नोकराला ती समग्र उचलून बाहेर वापरता येणार नाही. निव्वळ व्यक्तिगत संपर्कांचा विचार अर्थात वेगळा. पण तो भेद करावयाचा असेल तर दोन्ही आधीपासून निराळे ठेवलेले असले पाहिजेत. आयुष्यभराच्या ओळखी आळसाने कार्यालयाच्या वहीत उतरविल्या, एवढ्यावरून त्यांचे स्वामित्व बदलले, हा निर्णय पत्रकाराला कठोर वाटेल. तो कठोर आहेही. मात्र वीस जणांच्या वेतनावर आणि कार्यालयाच्या यंत्रावर पोसलेली यादी कोणी एकाने खिशात घालावी, हा पर्याय अधिक न्याय्य ठरत नाही.

भारतीय न्यायालयांनी या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी स्पर्श केला आहे. टपालाद्वारे वस्तू विकणाऱ्या ‘बर्लिंग्टन होम शॉपिंग’ या कंपनीच्या १९९५ च्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने असे मानले, की परिश्रमपूर्वक संकलित केलेली ग्राहकांची पत्तेयादी ही स्वामित्वहक्काच्या कायद्याखाली संरक्षण मिळण्यास पात्र कृती आहे; माजी नोकराला तिची नक्कल वापरता येणार नाही. याउलट २००६ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेने नोकरी सोडून गेलेल्या अधिकाऱ्याविरुद्ध दावा आणला, तेव्हा ग्राहकांची माहिती गोपनीय असल्याचे निमित्त करून माणसाच्या नव्या नोकरीच्या वाटा अडविण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला. यात विसंगती नाही. व्यवसायास प्रतिबंध करणारे करार १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम २७ ने मुळातच निरर्थक ठरविले आहेत. यादी नेता येत नाही. डोक्यातील ओळखी पुसता येत नाहीत. या दोहोंमधील जागेत कर्मचाऱ्याचे स्वातंत्र्य आहे, आणि ते आक्रसू नये.

असे असता माणसे आपली वही का दडवून ठेवतात? कंजूषपणा हे उत्तर सोपे, म्हणून अपुरे आहे. पन्नाशीच्या विक्री अधिकाऱ्याला ठाऊक असते, की त्याच्या वेतनात दोन तरुण ठेवता येतात. तरुणांना जे येते ते त्याला येत नाही. त्याच्यापाशी आहेत त्या माणसांच्या ओळखी. तीच शिदोरी सामायिक फोल्डरात ओतण्याचा आदेश त्याला मिळतो, तेव्हा आपल्या जागेवरचा माणूस आपणच शिकवून तयार करीत आहोत, असे त्याला वाटल्यास त्यात चूक ती काय? ज्या संस्थांत कामाचा मोबदला व्यक्तिगत दलालीवर ठरतो, तेथे तर वही देणे म्हणजे पगार देणे. व्यवस्थापन या भयाची दखल घेत नाही. ते परिपत्रक काढते. परिपत्रकाला उत्तर म्हणून फोल्डरात निरुपयोगी चाळीस नावे पडतात आणि उपयोगाची दहा नावे फोनमध्ये राहतात. वही मागणाऱ्याने तिच्या बदल्यात काय देऊ केले, हे प्रथम विचारले पाहिजे. ज्याने ओळख आणली त्याचे नाव नोंदीवर राहील, त्या ग्राहकाच्या मोबदल्यात त्याचा वाटा ठराविक काळ चालू राहील, एवढे लेखी मिळाले तरी पुष्कळ खण आपोआप उघडतील.

दरम्यान खरी पत्तेवही कार्यालयाच्या संगणकातून केव्हाच निसटली आहे. ती आता व्हॉट्सॲपवर, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनमध्ये, त्याच्या स्वतःच्या सिमकार्डावर असते. व्यापारी ई-मेलला उत्तर देत नाही, निरोपाला देतो. म्हणून हे घडले. पेनवेलच्या दाव्यातील मालकाच्या बाजूने असलेला आधारच येथे ढासळतो, कारण यंत्रही नोकराचे आणि प्रणालीही मालकाची नव्हे. लहान कारखाने आणि पेढ्या यांच्या दृष्टीने हा धोका आउटलुकच्या साऱ्या गुणदोषांहून मोठा आहे. कामाचा क्रमांक कार्यालयाने द्यावा आणि तो कार्यालयाच्या नावावर असावा, हा महिना काही शंभर रुपयांचा प्रश्न पुष्कळ मालकांना मोठा वाटतो.

सरकारी कचेऱ्यांचे दुखणे निराळे. तेथे वही दडविण्यात स्वार्थ कमी आणि बदलीची घाई अधिक. कार्यभार देता-घेताना नस्त्या, साठा नोंदवही, रोकड यांची मोजदाद होते. तालुक्यातील धरणावरचा कर्मचारी, पुराच्या वेळी नाव देणारा माणूस, रक्तपेढीचा रात्रीचा क्रमांक, यांची मोजदाद होत नाही. वास्तविक माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. अनेक कचेऱ्यांच्या संकेतस्थळांवर ती असतेही. मात्र तीत बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांची नावे मुक्कामाला असतात.

या साऱ्या वादात एक पक्ष अनुपस्थित असतो: ज्याचे नाव वहीत आहे तो. त्याने आपला क्रमांक एका माणसाला दिला होता, बारा जणांना नव्हे. सामायिक यादीतून काय होऊ शकते याचे भीषण उदाहरण २०२१ च्या सप्टेंबरात दिसले. अफगाणिस्तानातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसांना ब्रिटनच्या संरक्षण खात्याने ई-मेल पाठविला आणि पत्ते गुप्त प्रतीच्या रकान्याऐवजी उघड रकान्यात घातले; त्या चुकीच्या मालिकेत २६५ जणांची ओळख उघडी पडली. ती यादी तालिबानच्या हाती पडती तर त्यांच्या जिवावर बेतले असते, असे सांगून तेथील माहिती आयुक्तांनी २०२३ मध्ये खात्याला ३,५०,००० पौंड दंड केला. त्याआधी मार्च १९९९ मधील ‘मेलिसा’ हा विषाणू आउटलुकच्या पत्तेवहीतील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवीत सुटला होता आणि मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ने तर साऱ्या पत्त्यांना प्रेमपत्रे धाडली. वही जितकी मोठी, तितका तिचा उपद्रवही दूरवर पोचतो.

भारतात डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. घरगुती वापराची यादी या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, कार्यालयाची नाही. खासगी वहीतील नोंद सामायिक फोल्डरात टाकताच ती या रेषेपलीकडे जाते. तेव्हा कारखान्याच्या नावाने मिळालेला क्रमांक सामायिक करावा, घरचा पत्ता व मुलांची नावे करू नयेत. वाचण्याची मुभा संबंधित विभागापुरती असावी आणि दुरुस्तीची दोघांनाच. टिपांच्या रकान्यात नोंद असलेल्या माणसालाही वाचून दाखविता येईल तेवढेच लिहावे. आणि कार्यभाराच्या अहवालात, किल्ल्या व शिक्के यांच्या खाली, पत्तेवहीसाठी एक ओळ छापून घ्यावी: किती नोंदी, कोणत्या तारखेपर्यंत तपासलेल्या, कोणी स्वीकारल्या. तिच्यापुढे दोघांच्या सह्या पडल्यावरच संगणक विभागाने जाणाऱ्याचे खाते बंद करावे.